ढमीला कुठून आणली

माझी वहिनी बस चालवते. साधी बस नव्हे, वळणावर मधोमध घडी पडते ती लांबलचक जोडबस. वहिनीची उंची बेताची, त्यामुळे सीटवर ती घरून नेलेली उशी ठेवते. डेपोत एकाने त्या उशीवरून चेष्टा केली, तेव्हा तिने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, 'तुला उशी लागत नाही, तरी तुझी गाडी दर महिन्याला खांबाला कशी लागते?' तेव्हापासून उशीचा विषय बंद आहे. नाकावर माशी बसू न देणं म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्याने तिच्या बसमधून एक फेरी मारावी.

मी तिची नणंद. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या दातांत डोकं घालून बसणारा हा माणूस घरी स्वतःचं तोंड फारसं उघडत नाही. दोघांनी परदेशात संसार थाटला, मागोमाग मीही आले आणि एक गल्ली सोडून राहायला लागले. मूल व्हावं म्हणून त्यांनी काय काय केलं ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की एक दिवस दवाखान्यातून बाहेर पडताना वहिनी दादाला म्हणाली, 'पुरे झालं आता. आपल्याला मूल हवंय ना? जगात मुलं आहेत.' मग अर्ज, मुलाखती आणि चौकशा सुरू झाल्या, आणि बऱ्याच वाट पाहण्यानंतर ढमी घरी आली.

ढमीचं कागदावर चांगलं नाव आहे. पण ती आली तीच अशी गुबगुबीत, की मांडीवर घेतल्या घेतल्या दादाच्या तोंडून 'ढमाबाई' निघालं, आणि तेच ढमी होऊन चिकटलं. तिचे केस, डोळे, रंग, आमच्या कोणाशी काही जुळत नाही. वहिनीने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगितलं, 'मला मुलगी झाली.' एका मावशीला राहवलं नाही. 'झाली म्हणजे? दत्तक घेतलीत ना?'

'हो मावशी. दत्तक घेतली आणि मला मुलगी झाली,' वहिनी म्हणाली आणि पुढचा नंबर फिरवला.

डेपोतल्या साहेबाने बाळंतपणाची रजा द्यायला का-कू केली. बाळंतपण कुठे झालंय, म्हणाला. वहिनीने त्याला विचारलं की ही रजा पोटासाठी असते की पोरासाठी. मग युनियनच्या माणसाला घेऊन गेली आणि रजा घेऊनच परतली. रजा संपल्यावर मात्र दोघांची तारांबळ सुरू झाली. वहिनीची पहाटेची पाळी, दादाची त्यानंतरची. ढमीची अदलाबदल व्हायची ती शेवटच्या स्टॉपवर. दादा बाबागाडी घेऊन उभा, वहिनी बस लावून उतरणार, किल्ली पुढच्या ड्रायव्हरच्या हातात आणि ढमी तिच्या हातात, की दादा पळत पळत प्रयोगशाळेत. दूध किती प्यायली, शी झाली का, कुठे लाल झालंय, हे सगळं तो पळता पळता ओरडून सांगायचा. सगळ्या स्टॉपला ढमीच्या पोटाची बित्तंबातमी असायची.

त्याच स्टॉपवर एकदा एका बाईंनी ढमीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, 'तुम्ही हिला सांभाळता का? आई कामाला जाते वाटतं?'

'आईच आहे मी.'

'नाही, म्हणजे हिची खरी आई?'

वहिनीने युनिफॉर्मची बाही वर केली आणि हात पुढे केला. 'चिमटा काढून बघा,' ती म्हणाली. 'खोटी असेन तर दुखणार नाही.' त्या बाई पुढच्या बसने गेल्या.

मी हे हसत हसत सांगते आहे, पण एक गोष्ट आमच्या सगळ्यांच्या छातीवर धोंड्यासारखी होती. कायद्याने ढमी अजून आमची नव्हती. ती आमच्याकडे 'ठेवलेली' होती. त्या कागदावर शब्दच तसा होता. बालकल्याण खात्याच्या एक बाई अधूनमधून घरी यायच्या, तासभर बसायच्या, बघायच्या, विचारायच्या. शेवटच्या भेटीनंतर त्या कोर्टाला आपलं मत कळवणार, आणि त्या मतावर ढमी कायमची आमची होणार की नाही ते ठरणार होतं. बाई वाईट नव्हत्या. पायातले बूट दाराशी काढायच्या, ढमीशी जमिनीवर बसून खेळायच्या. पण त्या यायच्या त्या दिवशी दादा सकाळपासून तीनतीनदा लादी पुसायचा. वहिनी एकदा पुसायची आणि म्हणायची, 'बास. लादीला नाही देणार पोर, आपल्याला देणार.'

मग आजी आली. आजी म्हणजे माझी आणि दादाची आई, पण ढमी आल्यापासून मीही तिला आजीच म्हणते. दोघांच्या पाळ्यांत तिची मदत होईल म्हणून दादाने तिला काही महिन्यांसाठी बोलावून घेतलं. खात्याच्या बाईंबद्दल तिला एवढंच सांगितलं की एक सरकारी बाई बाळाची वाढ बघायला येते. खरं सांगितलं असतं तर तिने अन्नपाणी सोडलं असतं.

आजीला तिथली भाषा ओ की ठो येत नव्हती आणि त्याने तिचं काही अडलंही नाही. ढमीशी तिची सकाळपासून जुगलबंदी चालायची. ढमी तिचा चष्मा ओढायची, आजी ओरडायची, 'अगं ए चोरटे! दरोडेखोर कुठली!' ढमी खिदळायची. आजी पुन्हा, 'हसतेस काय लबाडे?' ढमी आणखी खिदळायची. मी कामावर जाताना रोज दहा मिनिटं तिथे डोकावायचे ती ह्याच्यासाठी. आत्या झाल्यावर माणसाला दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायचा परवानाच मिळतो.

त्यानंतरच्या भेटीला खात्याच्या बाईंनी सांगितलं की घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाशी मला बोलायला हवं. त्या दिवशी मीही तिथे होते. आजीसाठी त्यांनी फोनवर दुभाष्या घेतला. फोन मधल्या टेबलावर ठेवला. पलीकडून एका पुरुषाचा नीटस आवाज आला. तो कुठल्यातरी विद्यापीठात मराठी शिकला असावा.

'आजीबाई, आपण बाळास कोणत्या नावाने संबोधता?'

आजीने माझ्याकडे पाहिलं. 'काय म्हणतो हा?'

'ढमीला काय म्हणून हाक मारतेस, विचारतोय.'

आजीची कळी खुलली. 'नाव घ्यायला सवड कुठे देते ही! चोरटी म्हणते, लबाड म्हणते, भामटी म्हणते. सकाळी उठली की विचारते, कोणाची गं तू? कुठून आणली हिला? उकिरड्यावरून उचलून आणली की काय! मग अशी हसते म्हणून सांगू, सगळ्या हिरड्या दाखवते. मग मी म्हणते, खाऊ का तुला? थांब, खाऊनच टाकते.'

दुभाष्याने भाषांतर केलं. एकही शब्द चुकला नाही, हीच पंचाईत झाली. त्याला मराठी येत होती, पण तो मराठी घरात रांगलेला नव्हता. त्या स्वच्छ, सरकारी भाषेत आमच्या घरात वाक्यं पडत गेली: ही चोर आहे. खोटारडी आहे. लोकांना फसवणारी आहे. तू कोणाची आहेस? तुला कचऱ्याच्या ढिगावरून उचलून आणलं आहे. मी तुला खाऊन टाकीन. खोटं कशाला बोलू, त्या भाषेत ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. आजी मात्र आपण बरं बोललो अशा थाटात बसली होती.

दादाने समजावायचा प्रयत्न केला. हे लाडाने असतं, सगळेच म्हणतात, वगैरे. बाईंनी फोन बंद करून शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, 'तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मी मोठ्या झालेल्या दत्तक मुलांना भेटले आहे. त्यांतल्या काहींना खरोखरच कचऱ्यात सोडलेलं होतं. तू कोणाची, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारलाय. ह्या मुलीशी असं बोललं गेलेलं मला चालणार नाही. पुढची भेट शेवटची. मूल इथे कायमचं राहावं का, असं आज मला कोर्टाने विचारलं, तर मी हो म्हणू शकणार नाही.'

त्या गेल्यावर दादाने घरात फर्मान काढलं. ढमीला फक्त तिच्या चांगल्या नावाने, नाहीतर बाळा म्हणून हाक मारायची. चोरटी नाही, लबाड नाही, उकिरडा तर अजिबात नाही. आजीला कारण सांगितलं ते असं, की सरकारी बाईंना आवडत नाही. आजी म्हणाली, 'तिच्या आवडीनिवडीशी माझ्या नातीला काय करायचंय?' पण मुलाचा चेहरा बघून गप्प बसली. आणि मी? मी पण मान डोलावली. वहिनीसुद्धा काही बोलली नाही, ह्याचंच मला सगळ्यात नवल वाटलं.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला संसार म्हणायचं की परिसंवाद, कळेना. दादा ढमीला म्हणायचा, 'बाळा, तू आज फार छान जेवलीस.' मी म्हणायचे, 'बाळा, तुझा सदरा सुरेख आहे.' ढमी आमच्याकडे टकामका बघायची. आजीच्या जिभेला दुसरं वळणच माहीत नव्हतं, म्हणून चूक होण्यापेक्षा तिने बोलणंच सोडलं. दूध पाजायची, झोपवायची, कपडे बदलायची, सगळं तोंडात मिठाची गुळणी धरून.

एका दुपारी मी तिथे असताना वहिनी पाळी संपवून घरी आली. आजी खुर्चीत बसली होती. ढमी तिच्या गुडघ्याला धरून उभी होती, चष्म्याला हात घालत होती, आणि हात घातल्यावर थांबून आजीच्या तोंडाकडे बघत होती. पुढचं वाक्य आजीचं असायचं ना. दादाने पाठ करून घेतलेलं वाक्य आजीने म्हटलं, 'बाळा, कृपया माझा चष्मा सोड.'

ढमीने चष्मा सोडला, खाली बसली आणि दुसरीकडे रांगत गेली.

वहिनी दारातच उभी राहिली. खांद्यावरची पिशवी तिने अशी आदळली की डबा बाहेर उडाला. संध्याकाळी आजी ढमीला घेऊन खाली बागेत गेली होती. दादा घरी आला तसा वहिनीने त्याला धरला.

'आजपासून हे नाटक बंद.'

'अगं, आता एकच भेट राहिलीये,' दादा म्हणाला. 'तेवढी होऊ दे. मग बोला काय बोलायचं ते.'

'तुला लहानपणी कोणी कृपया म्हटलं होतं? मला नाही म्हटलं. कृपया पाहुण्याला म्हणतात. आपण हिला पाहुणी करून टाकलीये.'

'हट्टाला पेटू नकोस. नेतील ते तिला!' दादा एवढ्या मोठ्याने बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. 'ती मुलगी गेली तर मी काय करू? सांग ना. काय करू मी?'

वहिनीला भीती वाटत नव्हती असं कोणी समजू नये. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिची बोटं पांढरी झाली होती. मग ती म्हणाली, 'घाबरून घाबरून ठेवलं तर ते मूल ठेवलेलंच राहतं. मला ठेवलेली पोर नकोय. माझी हवीय. आणि माझ्या पोरीशी कसं बोलायचं ते मी ठरवणार.' ती तशीच खाली बागेत आजीकडे गेली. 'आई, जसं तोंडाला येईल तसं बोला. माझ्यावर सोडा.'

दादा त्या रात्री जेवला नाही. पण सकाळी मी डोकावले तेव्हा आतून 'अगं ए दरोडेखोर!' ऐकू आलं आणि मागोमाग ढमीचं खिदळणं. मी जिन्यातच थोडा वेळ उभी राहिले.

शेवटच्या भेटीला बाई आल्या. बूट काढले, ढमीला उचललं, टेबलावर फोन ठेवला. तोच दुभाष्या होता, वहिनीनेच तो मागून घेतला होता. चहापाण्याआधीच बाईंनी विचारलं, 'मागे आपण ज्यांबद्दल बोललो, ते शब्द बंद झाले का?'

'हो,' दादा म्हणाला.

'नाही,' वहिनी म्हणाली. 'बंद केले होते. मी पुन्हा चालू केले.'

दादाने डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन खाली ठेवलं. 'का?'

वहिनीला ती भाषा चांगली येते, दिवसभर तिच्यात प्रवाशांशी भांडते. पण ती आधी दादाकडे वळली आणि मराठीत म्हणाली, 'सांग त्यांना, आईंनी तुला कुठून आणला.'

'आत्ता?'

'आत्ताच.'

दादाने घसा साफ केला. कवळ्या बनवणारा तो गंभीर माणूस बालकल्याण खात्याच्या बाईंना म्हणाला, 'मला भंगारवाल्याकडून आणलं. मोडक्या सायकलच्या बदल्यात. घंटी त्याने परत दिली नाही, असं आई म्हणते.'

'मी खरोखर उकिरड्यावरची,' मी म्हटलं. 'कोंबड्या टोचत होत्या म्हणून आजीला दया आली.'

'मी माझ्या भावावर फुकट मिळाले,' वहिनी म्हणाली. 'एकावर एक. बाबा म्हणायचे, फुकट आहे म्हणून घेतली, नाहीतर गरज नव्हती.' मग ती बाईंकडे वळली आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. 'आमच्या घरात कोणी जन्माला येतच नाही. सगळे कुठून तरी उचलून आणलेले. आम्हाला सगळ्यांना रोज चिडवलं, आणि आम्हाला त्यातून एवढंच कळलं की आपण ह्यांचे आहोत. तुम्ही म्हणता एकट्या ह्या मुलीला चिडवायचं नाही. तिच्याशी जपून बोलायचं. ती मोठी होईल आणि बघेल की ह्या घरात सगळ्यांची थट्टा होते, माझी तेवढी होत नाही. मग तिला कळेल की ती वेगळी आहे. ते मी होऊ देणार नाही.'

बाईंनी ढमीकडे पाहिलं. ढमी त्यांच्या पेनाचं टोपण चघळत होती.

'आणि ती सात-आठ वर्षांची झाली,' बाई सावकाश म्हणाल्या, 'आणि तिने विचारलं, आई, हे खरंच आहे का? तुमच्यासाठी ती गंमत होती. तिच्या बाबतीत त्यात खरंही आहे, ती दुसरीकडून आणलेलीच आहे. तेव्हा काय सांगाल?'

प्रश्न खरा होता. 'तेव्हा तिला माझ्या बसमध्ये बसवीन,' वहिनी म्हणाली. 'ज्या दवाखान्यात ती जन्मली तिथे नेईन. कोणत्या खुर्चीत बसून मी तिला पहिल्यांदा घेतलं ती खुर्ची दाखवीन. जिने तिला जन्म दिला तिच्याबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं सांगीन, आणि माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगीन. तिला दुखेल. रडली तर रडू देईन. पण मी लपवणार नाही, आणि घाबरून तिच्याशी गोड गोडही बोलणार नाही.'

बाईंनी मग फोन आजीकडे सरकवला. 'त्यांना विचारा,' त्या दुभाष्याला म्हणाल्या, 'उकिरडाच का? काही चांगलं का सांगत नाहीत मुलांना?'

प्रश्न ऐकून आजीला हसू आलं. 'काय सांगू मग? देवाने दिली? स्वर्गातून पडली? असं सांगितलं की लेकरं शेफारतात.'

दुभाष्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबला. 'क्षमा करा,' तो शेवटी म्हणाला, 'शेफारतात, ह्याला माझ्याकडे शब्द नाही.'

'तिला विचार,' आजी त्याला म्हणाली, 'तिच्या आईने तिला कुठून आणली होती?'

त्याने विचारलं. बाई जरा गोंधळल्या. 'हॉस्पिटलमधून,' त्या म्हणाल्या. 'असंच सांगितलं होतं मला. हॉस्पिटलमधून.'

'नुसतं हॉस्पिटल?' आजीने मनापासून हळहळ व्यक्त केली. 'बिचारी.'

ह्याचं दुभाष्याने भाषांतर केलं तेव्हा त्याच्या सरकारी आवाजातून हसू निसटलं. बाई हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरले होते. त्यांनी दुभाष्याचे आभार मानले, फोन बंद केला, ढमीच्या तोंडातून टोपण काढून घेतलं आणि उठल्या. दाराशी बूट घालताना त्या वहिनीला म्हणाल्या, 'मला अजूनही हे पटलेलं नाही. माझी हरकत मी लिहिणार आहे, जशीच्या तशी. पण मूल ह्याच घरात राहावं, असंही लिहीन.'

'हरकत तुमच्याकडे राहू दे,' वहिनी म्हणाली. 'मूल माझ्याकडे.'

दार लागलं. दादा होता तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. फोन आधीच बंद झाल्यामुळे दाराशी काय बोलणं झालं ते आजीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने माझा पदर धरल्यासारखा हात ओढला. 'काय म्हणाली गं ती जाताना?'

'ढमी राहणार, म्हणाली. इथेच,' मी म्हटलं.

आजीला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीशी बसलेल्या दादाकडे पाहिलं. 'इथेच म्हणजे?' ती म्हणाली. 'जाणार होती कुठे?'

दादाने तोंड फिरवलं.

'कुठेच नाही, आई,' वहिनी म्हणाली, आणि ढमीला पोटाशी धरून मोठमोठ्याने रडायला लागली.